खुर्ची मिळाली, पण सही कुणाची?

काका, सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यात एका खासगी विद्यापीठाचं आरोग्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथे मी नर्सिंग शिकवते. नर्सिंग, फिजिओथेरपी आणि लॅब टेक्नॉलॉजी असे तीन अभ्यासक्रम एकाच इमारतीत चालतात. आतापर्यंत तिघांचे तीन प्रमुख होते. गेल्या महिन्यात विद्यापीठाने नवी रचना केली. वर एक अधिष्ठाता (ते डॉक्टर आहेत, पुण्याहून आलेत) आणि खाली दोन उपअधिष्ठाता. एकाकडे अभ्यासक्रम आणि परीक्षा, दुसरीकडे विद्यार्थी आणि क्लिनिकल प्रशिक्षण. ती दुसरी मी. नर्सिंगच्या प्राचार्या मॅडमनी मलाही शिकवलंय. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. त्या प्राचार्या म्हणून कायम आहेत, पण वॉर्ड पोस्टिंग, होस्टेल, शिस्त हे सगळं त्यांच्याकडून माझ्याकडे आलं. यादी नोटीस बोर्डावर लागल्यापासून त्या माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलतात. नवे सर म्हणतात, 'कोण काम करतं, कोण करत नाही, मला नावं द्या.' घरी मिस्टर म्हणतात, भत्ता एवढासा आणि आंब्याच्या दिवसांत बागेत कोण उभं राहणार? रुजू व्हायला पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. तुम्ही आस्थापना शाखेत होतात, नेमणुका-रजांचे कागद तुमच्याकडेच असायचे, म्हणून विचारते. घेऊ का हे पद?

– होऊ घातलेली एक उपअधिष्ठाता

ताई,

पद घ्या. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. पण रुजू अहवालावर सही करण्याआधी एक कागद मागून घ्या. तुमच्या पत्रात 'यादी नोटीस बोर्डावर लागली' असं आहे, 'मला आदेश मिळाला' असं कुठेच नाही. यादी वाचून लोक अभिनंदन करतात. नोकरी चालते ती आदेशावर.

नव्या नेमणुका झाल्या की कॉलेजात चर्चा असते ती नावांची. कोणाला मिळालं, कोणाचं हुकलं, वशिला कोणाचा, कोण कोणाच्या गावचं. आमच्या टेबलावर मात्र भलताच प्रश्न येऊन पडायचा की, आता या रजेच्या अर्जावर सही कोणाची घ्यायची? जुने साहेब म्हणत, 'ते आता माझ्याकडे नाही.' नवे म्हणत, 'अजून माझ्याकडे आलेलं नाही.' अर्ज बापडा ट्रेमध्ये पडून. तुमच्या पत्रातला निम्मा त्रास हाच आहे. मॅडमचा अबोला, सरांची घाई, तुमची धाकधूक. कोणाचा अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे तिघांनाही कोणी लिहून दिलेलं नाही.

आदेश हातात आला की आधी खाली बघा, सही कोणाची आहे ते. खासगी विद्यापीठ कायद्यानेच स्थापन झालेलं असतं आणि त्याखाली त्याचे परिनियम, म्हणजे कारभाराचे लेखी नियम, असतात. नेमणुकीचा अधिकार कोणाला, हे त्यात सापडतं. कधी कधी असंही निघतं की उपअधिष्ठाता हे पदच परिनियमांत नाही. तसं असेल तर ती पदोन्नती होत नाही, सोपवलेलं जादा काम होतं. त्यात कमीपणा काही नाही, फक्त आपल्याला ठाऊक असावं. जादा काम एका ओळीच्या पत्राने येतं आणि तशाच एका ओळीने जातं. म्हणून तुमचं मूळ अध्यापकाचं पद कायम राहील, हे काम संपल्यावर तुम्ही त्याच पदावर त्याच ज्येष्ठतेने परत याल, हे वाक्य आदेशात असायलाच हवं. मुदतही बघा. 'पुढील आदेशापर्यंत' अशी नेमणूक झालेली माणसं त्याच खुर्चीवरून निवृत्त झालेली मी पाहिली आहेत, आणि गणपतीच्या सुट्टीवरून परत येईपर्यंत खुर्ची गेलेलीही पाहिली आहेत.

सरकारी किंवा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात कॉलेज वेगळं आणि विद्यापीठ वेगळं असतं. नाशिकचं विद्यापीठ 1998 साली झालं. त्याआधी आपल्याकडची अशी कॉलेजं मुंबई विद्यापीठाच्या पंखाखाली असायची. तेव्हा काय नि आता काय, शिक्षकाच्या मान्यतेचा कागद बाहेर जाऊन, कोणीतरी तिसऱ्याने बघून परत येतो. तुमच्याकडे पगार देणारा, परीक्षा घेणारा आणि नेमणूक करणारा एकच. अशा ठिकाणी आपली फाइल आपणच नीट ठेवावी.

आता मॅडमकडे येण्याआधी त्यांच्या खुर्चीचं बघू, कारण तिथे एक गाठ आहे आणि ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. अधिष्ठाता डॉक्टर आहेत. नर्सिंगच्या शिक्षणावर देखरेख करणाऱ्या नर्सिंग परिषदेच्या लेखी नर्सिंग कॉलेजचा प्रमुख म्हणजे प्राचार्य, आणि तो एम.एस्सी. नर्सिंग झालेला आणि शिकवण्याचा मोठा अनुभव असलेला लागतो. म्हणजे विद्यापीठाच्या रचनेत मॅडम खाली गेल्या, तरी परिषदेच्या कागदावर नर्सिंगच्या प्रमुख त्याच राहिल्या. तपासणी आली की उत्तरं त्यांनीच द्यायची. फिजिओथेरपी आणि लॅबवाल्यांचं परत निराळं, त्यांच्यासाठी 2021 चा सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा कायदा. नर्सिंगचा 1947 चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी येणारा नवा कायदाही संसदेने 2023 साली केला आहे. एका इमारतीत राहून तुमच्यावर देखरेख करणारे वेगवेगळे, आणि विद्यापीठाने वर एकच अधिष्ठाता बसवला. कारभाराला ते सोयीचंच आहे. पण मॅडमच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वॉर्डात कोणती मुलगी कधी जाणार हे ठरवायचा अधिकार गेला, आणि मुलींचे क्लिनिकल तास का भरले नाहीत याचा जाब मात्र त्यांच्याच गळ्यात. मीही गप्प झालो असतो.

होस्टेल आणि शिस्त तुमच्याकडे आली आहे, तर हे जरा बारकाईने वाचा. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. लेखी तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार लगेच पोलीस ठाण्याकडे पाठवायची. प्रमुखाने हयगय केली तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं कायदा धरून चालतो. वर विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे विनियम आहेतच. त्यात तर माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत गुन्हा नोंदवायला जायचं आहे. आता मला सांगा, रात्री साडेअकराला रेक्टरचा फोन येईल तो कोणाला? तुम्हाला. आणि कायद्याच्या भाषेतला प्रमुख कोण? अधिष्ठाता? परिषदेच्या कागदावरच्या प्राचार्या? की जिच्याकडे शिस्त सोपवली ती? हे आज शांतपणे ठरवता येतं. तक्रार आल्यावर तिघंही वकिलाला विचारायला धावतील आणि त्यात सात दिवस कधी गेले कळणारही नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समितीही तुमच्याकडे सरकवली जाईल, कारण 2013 च्या कायद्याप्रमाणे तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिलाच लागते. मॅडम आज अध्यक्ष असतील आणि त्यांची मुदत शिल्लक असेल, तर ते काम त्यांच्याकडेच राहू द्या. मोठेपणा म्हणून नव्हे हां. होस्टेल सांभाळणारी आणि होस्टेलची तक्रार ऐकणारी बाई एकच असली तर मुली बोलत नाहीत.

आता वॉर्ड. मी ऑफिसचा माणूस, पण तपासणी समितीबरोबर फाइली सांभाळत वॉर्डांतून पुष्कळ फिरलो. सकाळी आठचा फीमेल वॉर्ड. एका म्हातारीच्या खाटेभोवती सहाजणी, बीपीचं यंत्र एक. पहिली पट्टा गुंडाळते, दुसरी आकडा सांगते, बाकीच्या वहीत उतरवतात. म्हातारी आपली हात पुढे करून बसलेली. तिसऱ्यांदा पट्टा आवळला तेव्हा म्हणाली, 'बायांनो, आता डावो घेवा.' नियम म्हणतो एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण, आणि दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक. नंतर लॉगबुकं, म्हणजे मुलींनी वॉर्डात केलेल्या कामाच्या वह्या, मागवली गेली. महिनाभराच्या नोंदी एकाच निळ्या पेनाने, एकाच बैठकीत, एकाच तिरप्या सहीने भरलेल्या. समितीतल्या बाईंनी दोन पानं उलटली आणि वही मिटून ठेवली. रिपोर्टमध्ये काय आलं ते तुम्हाला सांगायला नको.

क्लिनिकल प्रशिक्षणाची उपअधिष्ठाता म्हणून तुमचं खरं काम हेच असणार, आणि कोकणात ते पुण्यापेक्षा अवघड आहे. खाटा मोजक्या, रुग्णालयं लांब लांब, आणि पावसाळ्यात महामार्ग कधी साथ देईल सांगता येत नाही. त्यात गेल्या काही वर्षांत सगळं हललं आहे. अलिबागला आणि सिंधुदुर्गात 2021-22 ला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, रत्नागिरीत 2023-24 ला. जिल्ह्याच्या भल्याचंच झालं ते. पण जिल्हा रुग्णालय कॉलेजला जोडलं गेलं की एमबीबीएसची मुलं त्याच वॉर्डात येतात, आणि आधी ज्या परवानगीसाठी जिल्हा शल्य चिकित्सकांकडे जावं लागे तिच्यासाठी आता सरकारी कॉलेजच्या अधिष्ठात्यांचं दारही ठोठवावं लागतं. एक सार्वजनिक आरोग्य विभाग, दुसरा वैद्यकीय शिक्षण. तुमच्या कॉलेजचा रुग्णालयाशी करार कोणाच्या सहीने झालाय, कधी संपतोय, किती खाटांचा आहे, हे रुजू होण्याआधी बघा. कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय असेल तर तिथल्या खाटा खरोखर भरलेल्या असतात का, तेही मनाशी मोजा. करारावर सही करण्याचा अधिकार तुम्हाला नसेल आणि पोस्टिंगची जबाबदारी मात्र असेल, तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

तर कुलसचिवांना एक पत्र द्या. तक्रारीचा सूर नको, वकिली भाषा नको. असं काहीतरी:

'उपअधिष्ठाता (विद्यार्थी व क्लिनिकल प्रशिक्षण) या पदावर माझी निवड केल्याबद्दल आभारी आहे. रुजू होण्यापूर्वी पुढील बाबी आदेशात स्पष्ट व्हाव्यात, ही विनंती. नियुक्तीचा कालावधी व मूळ पदावरील हक्क. माझ्या अध्यापनाच्या तासिकांमध्ये होणारी कपात. विद्यार्थी व क्लिनिकल शिक्षकांच्या रजा, रुग्णालयांशी होणारे करार आणि खर्च यांबाबत मला असणारे अधिकार व त्यांची मर्यादा. नर्सिंग प्राचार्य व उपअधिष्ठाता यांच्यातील कामाची विभागणी. रॅगिंगविरोधी कायद्यान्वये संस्थेचे प्रमुख म्हणून कोण काम पाहतील. कार्यालयीन कामासाठी एक लिपिक मिळावा.'

लिपिकाची ओळ खोडू नका. सगळ्यात आधी तीच नाकारली जाते आणि सगळ्यात जास्त तीच लागते. चाळीस मुलींचं रोटेशन (कोण कधी कोणत्या वॉर्डात), रुग्णालयांची पत्रं, बसचं वेळापत्रक, पालकांचे फोन हे सगळं करून तुम्ही वर्गावर जाणार कधी? पत्र आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ईमेलही करा, पण पोच घ्याच. उत्तर तोंडी आलं, 'मॅडम, ते सगळं होईल हो, तुम्ही जॉइन व्हा', तर हसून म्हणायचं, 'सर, दोन ओळी द्या, लगेच होते.' दोन ओळी द्यायला कोणी तयार नसेल तर तेही एक उत्तर आहे. तेव्हा 'घ्या' हा माझा सल्ला मी मागे घेतो.

आता मॅडम. हे पत्र देण्याआधी त्यांच्याकडे जा. त्यात त्यांच्या खुर्चीचा उल्लेख आहे. तो त्यांना तुमच्याकडून कळावा, आवक शाखेतल्या शिपायाकडून नको. कॉलेजात बोलू नका, घरी जा. पेढे नेऊ नका. आणि कृपा करून 'मला तर हे नकोच होतं, माझ्यावर लादलं' असं म्हणू नका. तुम्हाला ते हवं आहे, नको असतं तर तुम्ही मला लिहिलं नसतंत, आणि तुम्हाला शिकवलेल्या बाईला हे तुमच्या चेहऱ्यावरून कळेल. माफीही मागू नका. तुम्ही काही हिसकावून घेतलेलं नाही.

त्यांना मसुदा दाखवा आणि विचारा, 'तपासणीत तुम्हाला अडचण येऊ नये म्हणून विभागणी कशी लिहू?' हा खरा प्रश्न आहे आणि उत्तर त्यांच्याकडेच आहे. परिषदेचा पत्रव्यवहार, शिक्षकांच्या नोंदणीचे कागद, तपासणीची फाइल त्यांच्याकडे राहावी असं त्या म्हणाल्या तर लगेच लिहून टाका. रोटेशन प्लॅन तुम्ही करायचा आणि अंतिम करण्याआधी त्यांनी बघायचा, एवढं तरी त्यात असू द्या. परिषदेला उत्तर देणाऱ्या माणसाने तो बघितलेला असणं शहाणपणाचंच आहे.

दुसरं, माणसं मागा. कुठल्या रुग्णालयात अधिसेविका कडक आहेत, कुठली इन्चार्ज सिस्टर मुलींना खरंच हाताशी धरून शिकवते, लेबर रूममध्ये कोणाला आधी फोन केलेला बरा, कोणाला पत्र आल्याशिवाय चालत नाही. हे कुठल्याही कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत येत नाही. यादीत येतात कपाटाच्या किल्ल्या आणि रबरी शिक्के. वॉर्डांत मॅडमचा शब्द चालतो तो या ओळखींवर. त्यांनी तुम्हाला घेऊन एकदा दोन-तीन ठिकाणी चक्कर मारली, 'आता ही बघणार हो' एवढं म्हणाल्या, की तुमचं सहा महिन्यांचं काम झालं.

त्या पहिल्या भेटीत विरघळतील असं मी म्हणत नाही. चहा देतील आणि तब्येतीचं बोलतील, कदाचित एवढंच. पुन्हा जा. पण त्यांनी वर्षभर असंच ठेवलं, तुमचे कागद अडवले, मुलींसमोर टाकून बोलल्या, तर मात्र गुरू म्हणून सोसत बसायचं नाही. अधिष्ठात्यांसमोर दोघींची बैठक लावून घ्यायची. आणखी एक हिशेब आहे, तो मोठ्याने बोलायचा नाही. दोन वर्षांनी प्राचार्यपद रिकामं होईल. तेव्हा परिषदेच्या निकषांत बसणारं आणि वॉर्डांची माहिती असणारं माणूस शोधावं लागेल. स्वतःची एम.एस्सी.ची तारीख आणि अनुभवाची प्रमाणपत्रं आत्ताच एका फाइलीत लावून ठेवा.

नव्या सरांचा मला राग येत नाही. आपल्याकडे घाटावरून आलेल्या साहेबाकडे लोक 'हे टिकणार किती?' याच नजरेने बघतात, आणि टिकायला आलेल्या माणसालाही त्यामुळे परकं वाटतं. त्यांना कॉलेज लवकर समजून घ्यायचंय म्हणून ते नावं मागतायत. पण नावं देऊ नका. एकदा दिलीत की स्टाफरूममध्ये तुम्ही शिरताच गजाली थांबतील, आणि पुढच्या महिन्यात सर परत मागतील. नावांऐवजी काम दाखवा. कोणत्या वॉर्डात शिक्षक जात नाहीत, कुठल्या बॅचचे तास मागे पडलेत, कुठली जागा किती महिने रिकामी आहे. त्यांना हवं ते त्यात आहेच, आणि त्यावर बैठकीत सगळ्यांसमोर बोलता येतं. 'एकेकाबद्दल तुम्ही स्वतः बोलून मत करा, सर' असं सांगितलंत तर सज्जन माणूस समजून घेईल. नाही घेतलं, तर तुम्हाला साहेब लवकर कळला.

मिस्टरांचा भत्त्याचा मुद्दा बरोबर आहे. अशा पदांचा भत्ता पेट्रोलला पुरला तरी मिळवली. पण भत्त्यासाठी घ्यायचं म्हणून मी सांगतच नाहीये. बागेचं मात्र आजच बोलून टाका. एप्रिल-मेमध्ये सेमिस्टर परीक्षा येणार, होस्टेल रिकामं करणं येणार, आणि आंबाही तेव्हाच उतरणार. यंदा जमवू, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून चालणार नाही. तुमची मुदत संपेपर्यंत दर हंगामात तुम्ही बागेत नसाल, हे दोघांनी आधीच धरून चाला. सड्यावरच्या बागांमधून नेपाळी गडी असतातच, तुमच्याकडेही कोणी येत असेल. हंगामाला एक गडी जास्त लागेल, त्याचं आत्ताच ठरवा आणि त्याचा पगार भत्त्यातून वळता करा. मोहर आल्यावर शोधायला निघालात तर फवारणीचा पंप मिस्टरांच्याच पाठीवर येईल, आणि मग माझ्या नावाने शिमगा होईल.